बिनगोळीची पुंगळी

मित्रांनो, मी काडतुसाची एक जुनी पितळी पुंगळी आहे. खडकीच्या कारखान्यात माझा जन्म झाला. बुडावर वर्ष ठोकलं, १९२७. माझ्या बहिणींच्या तोंडात गोळ्या बसवल्या. माझं तोंड मात्र घड्या घालून नुसतंच मिटवलं. मी पडले कवायतीची. आवाज मोठा, इजा काही नाही. मला त्याची फार लाज वाटायची.

पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी पलटणीची लुटुपुटूची लढाई झाली. मी एकदाच कडाडले, तोंड उघडलं आणि ओढ्याच्या वाळूत जाऊन पडले. सरपण वेचायला आलेल्या गुलाबबाईने मला उचललं, राखेने लख्ख घासलं, लाकडी बूच बसवलं आणि नवऱ्याच्या तंबाखूसाठी माझ्यात चुना भरला. तेव्हापासून करमसिंगच्या कमरेला मी चांगली चौदा वर्षं सुखाने नांदले.

मग बेचाळीस साल उजाडलं. कुणीतरी फौजदाराच्या घोड्यावर गोळी झाडली. झडतीत मी सापडले आणि करमसिंगचे हात बांधले गेले.

"बंदूक कुठे लपवलीस?" ब्राह्मणपुरीच्या चावडीत फौजदार दरडावत होते.

"चुना शे, साहेब," एवढंच तो म्हणत राहिला.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण आमच्या जातीला आयुष्यात एकदाच ओरडता येतं.

गुलाबबाई गावातल्या भटूदादाकडे कापूस वेचायला जायची. भटूदादा पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई. दुसऱ्या दिवशी तिने त्याला अक्षरशः ओढतच आणलं. त्याने माझ्यातला चुना झटकला आणि मला उजेडात धरलं.

"साहेब, येनं तोंड देखा. घड्यास्ना वळ शेतस. हाई कवायतनं काडतूस शे, गोळी येम्हा व्हतीच नही."

फौजदारांनी माझ्या तोंडावरून नख फिरवलं. बराच वेळ फिरवलं. "सोडा त्याला," ते म्हणाले.

भटूदादाने मला गुलाबबाईपुढे धरलं. तिने हात मागे घेतला. "घरमा नको, दादा. इन्हामुळेच बांधं त्यास्ले."

मला वाईट वाटलं. पण तिचं खरंच होतं.

आता मी भटूदादाच्या कोनाड्यात असते. मित्रांनो, रानात माझ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, जाणत्या माणसाला बोलवा. आणि कुणाच्या कमरेला दिसलं, तर दोर आणण्याआधी बोलवा. करमसिंगच्या मनगटांवरच्या खुणा पुढे कितीतरी दिवस गेल्या नव्हत्या.