आठवीचा ठराव

सावरखुटीच्या विमलताई ठोंबरे सरपंच होऊन दीड वर्ष झालं होतं. एवढ्या काळात त्या ग्रामपंचायतीत दोनदा गेल्या होत्या, एकदा सत्काराला आणि एकदा झेंडावंदनाला. बाकी कारभार त्यांचे यजमान विठ्ठलराव पाहत. लोक 'सरपंचसाहेब' अशी हाक त्यांनाच मारत आणि ओसुद्धा तेच देत. सहीपुरतं ठरावाचं रजिस्टर घरी यायचं. विमलताई शाळेत गेलेल्या नव्हत्या. निवडणुकीचा अर्ज भरायच्या आधी विठ्ठलरावांनी त्यांच्याकडून नाव गिरवून घेतलं होतं, तेवढंच लिहिणं त्यांना येई.

कापसाचा भाव पुन्हा पडला, त्या सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. विठ्ठलराव कापसाची गाडी घेऊन घाटंजीला गेले होते. दुपारी ग्रामसेवक सदाशिव मोटारसायकलवरून आले. एरवी सही होईपर्यंत ते ओसरीवर बसून राहत, पण त्या दिवशी त्यांना यवतमाळला लेकीच्या शाळेत पोचायचं होतं.

"ताई, पान उघडून ठेवलंय. खाली सही करा, उद्या नेतो," म्हणाले आणि गेले.

विमलताई सुपात तूर पाखडत होत्या. तेवढ्यात तांड्यावरची जमनी वेचलेल्या कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन अंगणात आली. तेरा वर्षांची पोर, सातवी पास होऊन दिवाळीच्या आधीपासून ठोंबऱ्यांच्याच वावरात वेचणीला येत होती. गाठोडं उतरवून ती वजनासाठी थांबली आणि थांबल्या थांबल्या तिची नजर उघड्या पानावर गेली. ओठ हलू लागले.

"काय पाहून राह्यली वं?"

"काई नाई काकू. यात आमच्या शायेचं नाव हाय."

"तुले वाचता येते?"

"सातवीत पयली आलती मी."

"वाच मंग. पाहू तरी काय लिवलं हाय." विमलताईंनी हे सहज, सुपातून मान वर न करता म्हटलं.

जमनीनं हात झग्याला पुसले आणि वर्गात उभं राहून वाचावं तसं वाचू लागली.

"ठराव क्रमांक सहा. विषय, जिल्हा परिषद शाळेस आठवीचा वर्ग सुरू करण्याकामी खोली व निधी देणेबाबत. सविस्तर चर्चा झाली. पालकांनी लेखी कळविले आहे की, मुलींना सातवीपुढे शिकविण्याची त्यांची इच्छा नाही. सबब वर्गाची आवश्यकता नाही. सूचक, सौ. विमलताई विठ्ठलराव ठोंबरे, सरपंच. ठराव सर्वानुमते मंजूर."

सूप खाली आलं. "सूचक म्हंजे?"

"ज्यानं सांगतलं थो."

"म्या सांगतलं?"

जमनीनं पान उलटलं. मागे पालकांची यादी टाचली होती, नावांपुढे सह्या आणि निळे अंगठे. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"भावसिंग हिरामण आडे. हा तं माह्या बापाचा अंगठा हाय, काकू. घरकुलाची यादी कराची हाय म्हून पंचायतीत बलावून घेतला होता."

बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेलं ते बोट विमलताईंना दिसत होतं. त्यांची स्वतःची लेक खुशी यवतमाळच्या वसतिगृहात राहून दहावीत शिकत होती.

"काकू, हे खोडता येते का?"

विमलताईंनी रजिस्टर मिटलं. "तू जा आता. वाचलं म्हून कोणाले सांगू नोको," म्हणाल्या. आपण असं का म्हणालो, हे त्यांना स्वतःलाच नीट कळलं नाही.

दिवस कलता विठ्ठलराव परतले. हातपाय धुताना त्यांची नजर रजिस्टरवर गेली.

"सही नाई केली?"

"आठवी नको म्हून म्या कधी म्हटलं?"

ते ओरडले असते तर विमलताईंना इतकी भीती वाटली नसती. विठ्ठलरावांनी शांतपणे पान उघडलं. त्या पानात कापसाचा एक तंतू अडकला होता. तो त्यांनी फुंकरीनं उडवला.

"कोणी वाचून दाखवलं?"

विमलताईंची नजर नकळत अंगणातल्या जमनीच्या गाठोड्याकडे गेली आणि ती विठ्ठलरावांनी टिपली.

"भाव काय झाला, ठाऊक हाय तुले? मोठ्या बाया दुप्पट मजुरी मांगतात. पोरी आठवीत बसल्या तं वेचाले कोण येईन?"

"आपली खुशी..."

"खुशीचं वेगळं हाय." एवढं बोलून ते चहा न घेताच उठले आणि गाडी काढून तांड्याच्या वाटेला लागले. तेव्हा विमलताईंच्या ध्यानात काही आलं नाही.

पुढचे चार दिवस जमनी वेचणीला आली नाही. पाचव्या दिवशी विमलताई तांड्यावर गेल्या. भावसिंगच्या दाराला कडी होती. बाहेर त्याची म्हातारी आई लालीबाई शेळीला पाला टाकत बसली होती.

"जमनीले मामाच्या घरी नेलं, फुलसावंगीकडं," लालीबाई म्हणाली. "सोमवारी लगन हाय तिचं."

"तेरा वर्साची पोर हाय थे, लालीबाई."

"मले समजत नाई का? पण सरपंच आलते. म्हनले, पोरगी लई वाचाले लागली, उजवून टाक. घरकुलाच्या यादीवर अजून शिक्का माराचा हाय, म्हनले." म्हातारीनं पाल्यातून मान वर केली. "शाया असती तं मीच आडवी पडली असती, बाई. पण शाया तं तुमीच नको म्हटली ना?"

तांड्यावरून विमलताई घरी न जाता सरळ पंचायतीत गेल्या. सदाशिव एकटेच होते. त्यांना पाहून ते गडबडीनं उभे राहिले.

"सदाशिवराव, लहान पोरीचं लग्न थांबवाचं काम गावात कोणाचं असते?"

सदाशिवांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "ग्रामसेवकाचंच असतं, ताई."

"मंग फुलसावंगीच्या ग्रामसेवकाले आत्ता कळवा. अन् सकाळी आपण दोघं जाऊ."

"साहेबांना एकदा विचारून..."

"कोणते साहेब? कागदावर सरपंच कोण हाय?"

सदाशिवांची लेक स्पृहा त्या वर्षी आठवीतच होती. त्यांनी फोन उचलला.

सकाळी निघून, तीन गाड्या बदलून दोघं तिथं पोचले तेव्हा शनिवारची दुपार झाली होती. मामाच्या दारात माणसं मांडवाचे बांबू उपटत होती. सोमवारचं लग्न शुक्रवारी रात्रीच उरकलं होतं. तिथल्या ग्रामसेवकानं चौकशी करण्याच्या आधीच कोणीतरी मामाला सावध केलं होतं. सासर कोणतं, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. महागावच्या पोलीस ठाण्यात सदाशिवांनी तक्रार लिहिली. विमलताईंनी ती त्यांच्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतली आणि मग सही केली.

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. विठ्ठलराव आणि पंचमंडळी खुर्च्यांवर होती, बाया खाली सतरंजीवर. सतरंजीवरून उठून विमलताई टेबलाजवळ गेल्या.

"सदाशिवराव, सहावा ठराव वाचा. मागची यादीबी वाचा."

"घरी बोलू," विठ्ठलराव हळूच म्हणाले.

"हा ठराव एका पोरीनं वाचला, म्हून तिचं लग्न लावलं," विमलताई गावाकडे तोंड करून म्हणाल्या. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचत होता. "मी सरपंच आहो, अन् मले माहीत नव्हतं मी काय सही करतो ते. आज साऱ्या गावानं ऐकावा. मंग पाहू, कोणाकोणाच्या पोरीचं लग्न लावतात ते."

सदाशिवांनी वाचलं. तिसरं नाव आलं तेव्हा भावसिंग मागे, कडुनिंबाच्या खोडाला टेकून उभा होता. महागावच्या तक्रारीत आपलं नाव आहे, आज बोललो तर घरकुलही जाईल, हे त्याला माहीत होतं.

"म्या घरकुलासाठी अंगठा देल्ला," तो म्हणाला. "पोरीच्या शायेचं मले कोणी सांगतलं नाई."

मग गावातल्याच एका बाईनं बसल्या जागेवरून म्हटलं, "माह्या मालकाचाबी घरकुलासाठीच घेतला." तिच्यामागून आणखी दोन आवाज आले. पुढची नावं वाचताना सदाशिव प्रत्येक नावापाशी थांबत गेले. यादी अर्धी झाली तेव्हा विठ्ठलरावांची खुर्ची रिकामी होती.

ठराव रद्द झाला. जूनमध्ये आठवीचा वर्ग उघडला, पटावर अकरा मुली आल्या. विठ्ठलरावांच्या माणसांनी विमलताईंवर अविश्वास ठराव आणायची तयारी चालवली आहे. घरात नवरा-बायकोचं बोलणं जवळजवळ बंद आहे. भावसिंगचं नाव घरकुलाच्या यादीतून गेलं आणि कोर्टाच्या तारखाही त्याच्या मागे लागल्या. जमनीचा पत्ता अजून लागलेला नाही.

दर महिन्याला विमलताई एकट्या महागावच्या ठाण्यात जातात. मागच्या खेपेला तिथला नवा हवालदार कागद चाळत वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही सारख्या येता. ती पोरगी तुमची कोण लागते?"

"मी तिच्या गावची सरपंच आहो," विमलताई म्हणाल्या आणि बाकावर बसून राहिल्या.