एकतिसावी खुंटी

ज्या सुताराने मला घडवले, त्याच्या नातवाचे दप्तरसुद्धा माझ्यावर टांगून झाले आहे. यावरून माझ्या वयाचा अंदाज करा, मित्रांनो. मी वर्गाच्या मागच्या भिंतीवरचे जुने खुंटाळे आहे. एक लांब लाकडी पट्टी आणि तिच्यात ओळीने ठोकलेल्या एकतीस खुंट्या, एवढेच माझे शरीर.

मुख्याध्यापकांनी तीसच खुंट्या सांगितल्या होत्या. वर्गात मुलेच तीस. सुतार मात्र हट्टी. तो म्हणाला, "आणि वर्षाच्या मधेच कोणी आलं तर? त्याने काय दप्तर डोक्यावर ठेवायचं?" आणि त्याने टोकाला एक खुंटी जास्त ठोकली.

पुढे या वर्गाला एक बाई मिळाल्या. मी त्यांच्यावर जीव टाकला, हे आज सांगायलाही लाज वाटते. प्रत्येक खुंटीखाली एकेका मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची, ही कल्पना त्यांचीच. शाळेच्या पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाचा हात धरून माझ्याजवळ आणत आणि म्हणत, "ही तुझी. आजपासून हा वर्ग तुझा." रडत आलेली मुले दप्तर अडकवताना रडायची थांबत. मला वाटे, जगात माझ्याएवढे उपयोगाचे लाकूड दुसरे नसेल.

एकतिसाव्या खुंटीवर हळूहळू बाईंची पर्स आणि छत्री येऊन बसली. मी काही मनावर घेतले नाही. रिकामीच तर होती.

मग एके दिवशी वर्षाच्या मध्यावर एक मुलगी आली. शाळेसमोर मोठ्या रस्त्याचे काम चालू होते, तिचे आईवडील त्या कामावर होते. बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बस कुठेतरी. दप्तर ठेव मांडीवर, बघू मग."

ते 'मग' महिना झाला तरी उगवले नाही. ती दप्तर मांडीवर घेऊन, त्यावर वही ठेवून लिहायची. अक्षर वाकडे यायचे आणि त्यावरून बोलणी बसायची. दप्तर खाली ठेवले तर जाता-येता कोणाचा तरी पाय लागायचा. "ए नवी, उचल ना ते!" मुले ओरडत. महिन्यानंतरही ती नवीच होती. तिला नाव आहे, हे कोणाच्या गावीही नव्हते.

एवढ्यात निरोप आला, की आपला वर्ग प्रत्येक मुलाला कसे सामावून घेतो ते बघायला पाहुणे येणार आहेत. बाईंनी मला तेल लावून चकचकीत केले. पर्स आणि छत्री कपाटात गेली आणि एकतिसाव्या खुंटीखाली चिठ्ठी लागली. ठळक, सुंदर अक्षरात त्या मुलीचे पूर्ण नाव.

सकाळी तिने ती चिठ्ठी वाचली. मग परत वाचली. दप्तर अडकवले, दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि पुन्हा येऊन पट्टा नीट केला.

पाहुण्या बाईंनी नेमके तिलाच विचारले, "तुझी खुंटी कोणती गं?" ती धावतच आली आणि हात ठेवून म्हणाली, "ही! माझी!" टाळ्या वाजल्या. बाईंचे कौतुक झाले, माझे फोटो निघाले. मीही फुशारलो, मित्रांनो. खोटे कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. खुंटीवर पर्स होती. छत्री होती. खाली चिठ्ठी नव्हती, नुसता डिंकाचा डाग होता.

"बाई, माझी खुंटी?"

"अगं, ती कालच्यापुरती होती," बाई अगदी सहज म्हणाल्या. "तुम्ही काय, रस्ता झाला की चाललात. कशाला उगाच?"

"रस्ता अजून खूप राहिलाय, बाई," ती हळूच म्हणाली.

बाई फळ्याकडे वळल्या होत्या. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. ज्या हातांनी 'हा वर्ग तुझा' म्हणत तीस मुलांना माझ्याजवळ आणले, त्याच हातांनी माझ्याच अंगावर एक दिवसाचे खोटे चिकटवले होते. बाई तिला नुसत्या विसरल्या असत्या तरी चालले असते. देऊन काढून घेतले, ते मला सहन होत नाही.

ती आणखी तीन दिवस आली. मग आली नाही. हजेरी घेताना बाई म्हणाल्या, "गेली वाटतं. मी म्हटलंच होतं, ही टिकायची नाही."

ती गेलेली नव्हती. समोरच्या खिडकीतून मला ती दिसत होती. खडीच्या ढिगावर धाकट्या भावाला घेऊन बसली होती आणि शाळेकडेच बघत होती. थोड्या वेळाने रस्त्याची धूळ आत येऊ लागली, तेव्हा बाईंनी उठून खिडकी लावून घेतली.

मित्रांनो, मला तेल नको, फोटो नकोत. तुमच्या वर्गात कोणी मधेच आले, तर पाहुण्यांची वाट पाहू नका. आपले दप्तर जरा सरकवा आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा. दोन दिवसांसाठी आले असेल, तरी ते दोन दिवस तो वर्ग त्याचाच असतो. एवढेच मागतो. माझ्या बाईंकडून आता मला काही मागावेसे वाटत नाही.