विरुद्ध पार्टी

बेल दाबण्याआधी छायाने हिरामणच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"नीट उभा रहा रं दादा. वकिलाच्या दारात आलास, पानाच्या टपरीवर नाय."

हिरामण नीट उभा राहिला. बहिणीवर दावा लावायचा, त्यासाठी तिच्याच मागोमाग वकिलाचा जिना चढायचा, आणि वर तिने आपली कॉलर सरळ करायची! यापेक्षा धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. पण धरणी कर्जतच्या त्या इमारतीत दोन मजले खाली होती.

चूक त्याची त्यानेच केली होती. खालापूरजवळ, रस्त्याला लागून, बापाने ठेवलेला जमिनीचा तुकडा. सातबाऱ्यावर नावं दोघांची, त्याचं आणि छायाचं. हॉटेल काढायला एक गिऱ्हाईक आलं, तसा त्याचा दोस्त पदू म्हणाला, बहिणीला विचारायला जाशील तर अर्धं मागेल, त्यापेक्षा तिचं नावच काढून टाकू. पदूने खालापूरचा एक वकीलही दाखवला. "लग्नात दिलं तोच तिचा वाटा. साक्षीदार मी आणतो," असं तो वकील म्हणाला, आणि म्हणतानाही त्याचे डोळे दारातल्या पुढच्या पक्षकाराकडे होते.

हिरामणला तो काही पटला नाही. वाईट काम करायचंच तर निदान चांगल्या माणसाकडून करून घ्यावं, असं त्याच्या डोक्याने घेतलं. आता डोकंच ते! आणि चांगला वकील म्हटलं की घरात एकच नाव निघायचं, कर्जतच्या सुनीतीताईंचं. छायाचा नवरा अपघातात गेला तेव्हा विमा कंपनीशी त्याच भांडल्या होत्या. त्यांचा नंबर होता छायाकडे. बहिणीवर दावा लावायला पठ्ठ्याने बहिणीलाच वकिलाचा नंबर विचारला.

फोनवर त्याने सांगितलं, चुलतभाऊ धोंडीशी बांधावरून वाजलंय.

"मग मी येते की संगती. बाई वळखीच्या हायेत," छाया म्हणाली. नको म्हणायला त्याला कारण सुचेना. आणि ती आज कामावर रजा टाकून शेलूहून आली होती, पिशवीत त्याच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. अंगावर त्याने भाऊबीजेला घेतलेली हिरवी, जरीकाठाची साडी होती. इतकी भारी साडी त्याने तिला आजवर घेतली नव्हती. स्टेशनवर ती साडी बघितली आणि तेव्हापासून त्याने मान वर केली नव्हती.

सुनीतीताईंनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, चष्मा लावला आणि कोरा कागद पुढे ओढला.

"बोला हिरामण. जमीन कुठे आहे?"

त्याने सांगितलं. गट, रस्ता, बाप कधी गेला, सगळं नीट सांगितलं.

"आणि विरुद्ध पार्टी कोण?"

हिरामणने ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी त्याने तो तोंडाला लावला.

"छाये, तू जरा भायेर बसतेस का गं?"

"कशाला?"

"बस गं जरा."

छाया उठली नाही. तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि पदर खांद्यावर घेतला.

"लिहा बाई. विरुद्ध पार्टी मीच हाय."

सुनीतीताईंचं पेन कागदावर थांबलं. हिरामणच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तुला कुनी सांगितलं? पदूनं?"

"या साडीनं सांगितलं." छायाने जरीच्या काठावर बोट ठेवलं. "आपल्याकडं भाऊ एवढी भारी साडी कवा घेतो रं? बहिणीची सही पायजे असली की. माझ्या सासूला तिच्या भावानं घेतली, जावेला तिच्या भावानं घेतली. ताटात ही साडी बघितली, तवाच वळखलं. म्हटलं, आज विचारील, उद्या विचारील. आन् तू काय विचारलंस? वकिलाचा नंबर! लय रडले मी, दादा."

तिचा आवाज फाटला. पंख्याखाली कागद फडफडत होता, त्यावर सुनीतीताईंनी हात ठेवला.

"मग आलीस कशाला?" हिरामण कसाबसा म्हणाला.

"तू त्या खालापूरवाल्याकडं जाऊन आलास, ते कळलं म्हणून. तालुक्याच्या गावात काय लपून राहतं व्हय? तो तुला धुऊन काढील. जमीन राहील बाजूला, आन् तू बसशील तारखांना फेऱ्या मारत." ती सुनीतीताईंकडे वळली. "बाई, याचं वकीलपत्र तुमी घ्या. माझी हरकत नाय, लिहून देते. मी दुसरं कोनी बघीन." मग पुन्हा भावाकडे बघून म्हणाली, "पण वाटा मी सोडनार नाय, ते पण ऐकून ठेव. भांडायचं तर नीट भांड."

सुनीतीताईंनी चष्मा काढला.

"हिरामण, मला एकच सांगा. तुम्ही हिला विचारलं होतं?"

"काय?"

"जे विचारायचं होतं ते."

विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाला विचारलं, पदूला विचारलं, त्या वकिलाला विचारलं, बायकोला तर रोज विचारलं. लहानपणी त्या रानातली करवंदं काढली की आधी छायाच्या ओंजळीत टाकायची, उरतील ती आपण खायची, एवढा तो मोठा भाऊ होता. आणि आता त्याला साधं तोंड उघडवेना. लाज वाटत होती. आपण कुठवर आलो याची त्याला खरोखर लाज वाटत होती.

"छाये," तो टेबलाकडे बघत म्हणाला, "वाटा पायजे का गं तुला?"

"पायजे."

"अर्धा?"

"अर्धा."

एवढंच. छत कोसळलं नाही की काही झालं नाही. खाली रस्त्यावर कुणाचा तरी टेंपो मागे येत पिपाणी वाजवत होता.

हिरामणच्या खिशात फोन वाजला. पदूचा होता. तो बराच वेळ वाजू देऊन त्याने उचलला.

"हां पदू. भेटले वकील... नाय, तसं नाय. तू गिऱ्हाइकाला एवढं सांग, सह्या दोन लागतील म्हणावं. एक माझी, एक छायाची." पलीकडून पदू बरंच काही बोलत होता. "सांग तू," हिरामण म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

छायाने डोळे पुसायला पदर उचलला. मग साडी नवी आहे हे तिच्या ध्यानात आलं, तसा पदर सोडून तिने ते मनगटाने पुसले.