अजून कोण बघतंय?

त्या इस्पितळात एक रीत होती, आणि तिथलं नेटवर्क सांभाळणाऱ्या थोरलीला ती पक्की ठाऊक होती. दिवस भरण्याआधीच जन्मलेली बाळं तळमजल्यावर काचेच्या पेट्यांत, आणि आया वरच्या मजल्यावर. प्रत्येक खाटेशी एक पडदा, त्यावर आपापलं बाळ दिसायचं. एखादं बाळ गेलंच, तर डॉक्टर येण्याआधी नर्स गुपचूप येऊन तो पडदा बंद करायची. मग बाकीच्या आया तिकडे बघायच्याही नाहीत.

आज तिच्या धाकट्या बहिणीचा पडदा काळा झाला होता.

"ताई, खरं सांग," फोनवर धाकटीचा आवाज अगदी सपाट होता. "गेला ना?"

"वेडी का तू? आत्ताच खाली विचारलं, पाय झाडतोय. सगळ्यांचेच पडदे गेलेत."

"हो, तू असंच म्हणणार."

धाकटी कोपऱ्यातल्या खोलीत एकटी, टाके ओले, उठायची बंदी. तिला दुसऱ्यांचे पडदे दिसणार तरी कसे? थोरलीने तिचा पडदा बंद करून पुन्हा चालू करायला लावला. बाळ दिसलं. दोघींनी हुश्श केलं, आणि चारपाच मिनिटांत पुन्हा अंधार.

चालू केलं की दिसतं, मग जातं. असं का? कॅमेरा चित्र एकदाच पाठवतो. सगळ्या वायरी जिथे जोडल्यात तो डबा, म्हणजे स्विच, त्याच्या नकला काढतो आणि जो मागेल त्याच्याच वायरीत सोडतो, उगाच गावभर वाटत नाही. पण अधूनमधून कुणीतरी हाळी द्यावी लागते, 'अजून कोण बघतंय?' पडदे म्हणतात, 'मी, मी.' हाळीच आली नाही, तर पडदे बापडे गप्प राहतात, आणि स्विच समजतो की उठून गेले सगळे.

हाळी द्यायचा तो कपाटातला जुना राउटर. आणि सकाळी 'हे धूड कशाला ठेवलंय?' म्हणत तो काढला कुणी? हिनेच की! अतिशहाणपणा नडला, दुसरं काय. स्वतःला चार शिव्या हासडत तिने ते हाळीचं काम स्विचलाच लावून दिलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला.

चित्र आलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, चित्र गेलं नाही. तिने फोन लावला.

"दिसतोय ना?"

"दिसतोय," धाकटी म्हणाली. "पण हे कालचं नाही कशावरून?"

थोरली जिना उतरून तळमजल्यावर धावली. हात धुतले, झगा चढवला, नर्सची परवानगी घेतली आणि फोन कानाला लावून पेटीसमोर उभी राहिली.

"मी दिसतेय?"

"हात वर कर."

तिने केला.

"हा नाही, दुसरा."

तिने दुसरा केला. पलीकडून हुंदके ऐकू आले. थोरलीच्याही डोळ्यांना धार लागली, आणि वर केलेला हात खाली घ्यायचं तिला सुचेना.

"ताई," नाक ओढत धाकटी म्हणाली, "आता बाजूला हो ना. तो दिसत नाहीये मला."