देव्हाऱ्यातला बिल्ला

मित्रांनो, मी खंडोबा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली ऐंशी वर्षं मी खंडोबा म्हणून फुकटचा नैवेद्य लाटतो आहे. मी लढाईचा एक जुना, चांदीचा बिल्ला आहे. चिपळूणपासून दोन डोंगर आत, एका घरातल्या देव्हाऱ्यात मी राहतो.

पहिलं महायुद्ध संपलं आणि लढायला गेलेल्यांसाठी माझ्यासारखे लाखो बिल्ले घडवले गेले. एका अंगाला राजाचं तोंड, दुसऱ्या अंगाला घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली कवटी. आम्ही सगळे दिसायला सारखेच. वेगळेपण तेवढं कडेवर. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. माझ्या कडेवर विठूचं नाव होतं. तो मेसोपोटेमियाच्या वाळूत मेला तेव्हा मी घडलोही नव्हतो. ज्याच्यासाठी मी झालो, त्याचा हात मला कधी लागला नाही. ते मला अजून खातं.

पोस्टमनने मला विठूच्या आईच्या, काशीच्या, हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. "ह्याच्यात माजा विठू कुठं हाय?" तिने विचारलं. पोस्टमनने तिचा अंगठा नावावर ठेवला. तेव्हापासून ती रोज त्याच जागेवर अंगठा फिरवायची आणि पुटपुटायची, "विठू, विठू."

विठू गेल्याची चिठ्ठी आली होती, मढं आलं नव्हतं. पितृपक्षात म्हाळ घालतात, म्हणजे घरातल्या गेलेल्यांचं नाव घेऊन त्यांना पान वाढतात. विठूचं नाव निघालं की काशी आडवी यायची. "जित्याच्या नावानं म्हाळ घालतात काय?" एवढंच म्हणायची. म्हणून विठूला पान कधी मिळालंच नाही.

त्याला ओळखणारी माणसं एकेक करून गेली. काशीने मला जपून देवांपाशी ठेवलं होतं. नातसून घरात आली, तिने घोडेस्वार पाहिला आणि मला खंडोबाचा टाक, म्हणजे पूजेतला चांदीवर उठवलेला देव, ठरवलं. स्वाराच्या अंगावर चिंधीसुद्धा नाही, तरी कुणाला शंका आली नाही. काशी तेव्हा कानांनी अधू झाली होती, तिने कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. राजाचं तोंड भिंतीकडे वळलं. चिंच, राख आणि हळद सुरू झाली. कवटी हळदीत बुडून गेली.

काशीही गेली. दर म्हाळाला मी देव्हाऱ्यातून पानं बघायचो. विठूचं नसायचं. ज्याला कुणी 'जेव' म्हणत नाही, तो कुठे जात असेल? तो माझ्यातच बसून आहे असं मला वाटायचं. वैशाखाच्या दुपारीही मी गार पडलेला असायचो.

यंदा म्हाळाच्या आदल्या दिवशी घरची सून मृणाली देव उजळायला बसली. ती शाळेत शिकवते. तिने मला खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं.

"आई, हा टाक नाही. कडेला इंग्रजीत नंबर आहे, शिपाई लिहिलंय, मराठा पलटण लिहिलंय. लढाईचा बिल्ला आहे हा. आपल्या घरातलं कुणीतरी गेलं असणार."

"कोन गो?" तिची सासू सगुणा म्हणाली.

"नावच तेवढं पुसलंय."

मला नाव ठाऊक होतं. पण माझ्या एका अंगाला राजाचं अख्खं तोंड असून ते आजवर एक शब्द बोललेलं नाही.

सगुणाने मला हातात घेतलं. तिचा अंगठा आपोआप त्या गुळगुळीत जागेवर गेला आणि तिला हसू आलं. "आमची सासू सांगायची, काशीआजी हितंच घासायची. आनि म्हनायची काय, तर विठू, विठू. खंडोबाच्या म्होरं विठोबाचं नाव. सगली हसायची म्हातारीला."

बोलता बोलता तिचं हसू गेलं. तिने अंगठा पुन्हा त्या जागेवरून फिरवला.

"मृणाली," ती म्हणाली, "ती देवाचं नाव नव्हती गो घेत."

दुसऱ्या दिवशी एक पान जास्त वाढलं गेलं. सगुणाने त्याच्यापुढे मला ठेवलं. "विठू, जेव रे बाबा. लय उशीर झाला," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत बसली.

आता मला कुणी उजळत नाही. मी काळा पडत चाललो आहे आणि मला त्याचं बरं वाटतं. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला घासू नका. आधी त्याची कड वाचा. वाचलेलं नाव मोठ्याने घ्या. तो ऐकायला थांबलेला असतो.