गलबताची ढांग

गलबत तिसऱ्यांदा उडीच्या दांड्यापुढे थांबला आणि पिटुकली त्याच्या मानेवरून घरंगळत वाळूत गेली. लागलं काही नाही. तोंडात वाळू, केसांत वाळू, आणि वर बघावं तर तो एवढा थोरला तांबडा घोडा मान खाली घालून तिला हुंगत होता, जणू हिचं काही सांडलंय आणि तो शोधू लागतोय.

आत्या कुंपणापाशी उभी होती. ओरडली असती तर बरं, असं पिटुकलीला वाटलं. पण आत्या सरळ तबेल्यात गेली, घोड्याची प्रवासाची झूल घेऊन आली, तिची घडी घातली आणि फाटकावर ठेवली.

"दुपारी शेवटचं बघू," ती म्हणाली. "परत थांबला, तर उद्या सकाळी तो जिथून आला तिथे परत जाईल. थांबणाऱ्या घोड्यावर तुला बसू देणार नाही मी. या घरात एक वाकडा खांदा पुरे."

वाकडा खांदा आत्याचाच. तरुणपणी तिचाही घोडा असाच ऐन उडीच्या वेळी थांबला होता, तेव्हापासून डावा हात खांद्याच्या वर जात नसे. तिची वेणीसुद्धा आतोबा घालून देत. खोगिरं शिवणारी त्यांची बोटं, त्यामुळे वेणी अशी घट्ट पडायची की आत्याच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या.

पिटुकलीला लहानाची मोठी केली ती या दोघांनी. नाव पडलं तेव्हा ती खरंच पिटुकली होती. आता तबेल्याच्या दारातून वाकून आत येते, तरी नाव काही मोठं झालं नाही. ती उड्या मारायला शिकली मोहरीवर. मोहरी घोडीही नावासारखीच, दाण्याएवढी आणि तडतडी. दोन अडथळ्यांमधलं अंतर तिच्या आखूड पायांना नेहमीच लांब पडायचं, म्हणून पिटुकली तिला ढकलायची, टाचेनं, कमरेनं आणि तोंडानंही. आत्यानं शिकवलेलं गाणं होतं:

टिप गं चिमणे, टिप गं दाणे,
कुंपण आलं, उडून जाणे.

शेवटच्या शब्दाला मोहरी हवेत. पण मोहरीची हाडं थकली, इकडे पिटुकलीचे पाय रिकिबीतून काढले की जमिनीला लागायला लागले, आणि मग हा आला. त्याची चाल बघून आतोबा म्हणाले होते, "हा चालत नाही, हा तरंगतो." म्हणून गलबत.

त्याच्यावर बसून पिटुकलीनं तेच गाणं म्हटलं, तशाच टाचा लावल्या. त्यानं दांडे पाडले, गुडघे आपटून घेतले. ती कमी पडतेय असं समजून आणखी ढकलू लागली. आणि मग तो थांबायला लागला.

दुपारी आत्या म्हणाली, "आधी मोकळा सोडून बघू. पायातच काही दुखत असेल तर तुला कशाला बोल लावा."

दोन अडथळे एका रांगेत होतेच. दोन्ही बाजूंना पिंपं लावून वाट केली. आतोबांनी गलबताला सोडलं, वाटेच्या दुसऱ्या टोकाला पिटुकली धान्याची बादली घेऊन उभी राहिली. तो आला. पहिल्या दांड्यावरून गेला, मधलं अंतर ओलांडलं, दुसऱ्यावरून गेला आणि बादलीत तोंड घातलं. इतकं साधं, जसं कुणी उंबरठा ओलांडून घरात यावं.

पिटुकलीचा चेहरा उतरला. पाय धडधाकट, म्हणजे खोड तिच्यातच.

"वर कुणी नसलं की छान उडतो," आतोबा म्हणाले. "खोगिराची चूक असणार. मी शिवलंय ना ते."

"तुम्ही गप्प बसा हो," आत्या म्हणाली.

पण पिटुकलीच्या मनात वेगळंच खुटखुटत होतं. घोडा येत असताना ती नकळत गाणं पुटपुटत होती. दाणे टिपून झाले, चिमणी उडूनही गेली, आणि गलबत अजून वाटेतच, निवांत.

"आतोबा, परत सोडा त्याला."

या वेळी तिनं डोळे मिटून घेतले. टापा ऐकल्या. एक पडे आणि मग दुसरी पडेपर्यंत एक रिकामी जागा. त्याच जागेत ती टाच मारत होती. त्या घाईनं तो पार दांड्याखाली जाऊन पोचत असणार, उडायला वावच उरत नसणार. गुडघे फुटायचे म्हणून बिचारा थांबत होता. या टापांखाली दुसरंच गाणं होतं, आत्याच्याच तोंडचं, पण फार जुनं, अंगाईचं; पुढच्या ओळी तिला आठवेनात:

नीज नीज रे पाखरा,
वारा झाडाला टेकला.

तिनं खोगीर चढवलं. रिंगणाला दोन फेऱ्या मारताना ती ते हळू आवाजात म्हणत राहिली.

"अगं, घोड्याला झोपवतेस की काय?" आत्यानं विचारलं.

"त्याला नाही. स्वतःला."

पहिला दांडा आला, गेला. आणि मधल्या जागेत तिच्या टाचा शिवशिवल्या, कंबर आपोआप पुढे झुकू लागली. मोहरीवरची इतक्या वर्षांची सवय होती ती. तिनं दात आवळले, मांड घट्ट केली, लगाम होता तसा ठेवला. नीज नीज रे पाखरा. दांडा येईना. अजून येईना. ही वाट बघणंच सगळ्यात अवघड होतं. वारा झाडाला टेकला. आणि खालून एक ढांग भरून आली, पिटुकलीनं काही न करताच त्या ढांगेनं तिला उचललं आणि अलगद पलीकडे नेऊन ठेवलं.

दांडा पडल्याचा आवाज आलाच नाही. मोहरीला ती स्वतः ओढून पलीकडे नेत असे. आज कुणीतरी तिला नेलं होतं.

तिच्या छातीतला इतक्या दिवसांचा दगड कुठे गेला कळलं नाही. तिनं आयाळीत तोंड खुपसलं. हसतेय की रडतेय हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"एकदा जमलं म्हणजे जमलं नाही," आत्याचा आवाज आला. "परत."

दुसऱ्या खेपेला तिनं थोडी घाई केलीच. खूर दांड्याला घासला, दांडा खडखडला, पण जागेवर राहिला. आणि गलबत थांबला नाही. तिची चूक त्यानं पोटात घातली आणि पुढे गेला.

पिटुकलीनं वळून बघितलं तर आत्या पालथ्या बादलीवर बसली होती.

"काय झालं गं आत्या?"

"काही नाही. तो थांबला नाही ना, म्हणून मी थांबले."

"चला," आतोबा म्हणाले, "म्हणजे उद्या पहाटे कुणाला उठायला नको."

आत्या उठली. पिटुकलीनं उतरून खोगीर काढलं, तोवर आत्यानं फाटकावरची झूल उचलली, घडी मोडली आणि घामेजलेल्या गलबताच्या पाठीवर टाकायला गेली. तो उंच, हिचा हात वर जाईना. पिटुकलीनं पलीकडे जाऊन झुलीचं दुसरं टोक ओढून घेतलं. दोघींच्या मध्ये त्याची रुंद पाठ, त्यामुळे एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते. पट्टा बांधताना पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं. पिटुकली ज्या दोन ओळी विसरली होती, त्याच:

तुझ्या उशाशीचा दिवा
माझ्या डोळ्यांनी राखला.

गलबतानं डोळे मिटले आणि एक पाय सैल सोडून तो उभ्या उभ्या डुलकी घेऊ लागला.