न चाखलेली कडी

घोड्याच्या तोंडात बसणारी लगामाची प्रत्येक कडी लोहार आधी स्वतःच्या तोंडात धरून पाहायचा. त्यामुळे त्याच्या ओठांचे कोपरे कानाच्या पाळ्यांना टेकले होते, आणि हरभरा दिसला की तो खिंकाळतो, असं त्याची बायकोच सांगायची.

एका सकाळी घोडी घेऊन टांगेवाल्याची विधवा दारात उभी राहिली. आठवड्यापूर्वी हीच घोडी उधळली होती आणि टांगेवाला चाकाखाली गेला होता.

"भाऊजी, हिला सगळ्यात मऊ कडी द्या. आज गोळी घालायला नेतेय. पण तोंड सोललंय बिचारीचं."

गेल्या महिन्यात लोहाराची दाढ ठणकत होती, म्हणून टांगेवाल्याची कडी त्यानं न चाखताच दिली होती.

त्यानं ती घोडीच्या तोंडातून काढली, स्वतःच्या तोंडात धरली आणि लगाम ओढला. सांध्याची धार जिभेत रुतली. रक्त ऐरणीवर टपकलं.

"म्हणजे हिचा दोष नव्हता," ती म्हणाली.

कडी तोंडात तशीच ठेवून त्यानं लगाम तिच्या हातात दिला आणि मान खाली घातली.

तिनं घोडीला सावलीत बांधलं, पाणी पाजलं. मग परत येऊन दोन्ही हातांनी त्याचा लगाम ओढला.